मुलुंडचं स्थळ

कोणाच्याही घरी गेलं की पाणी पिऊन होताच ताराकाकूंना बाथरूमला जायचं असतं. त्यांची तब्येत तशी ठणठणीत आहे. हा आजार नव्हे, ही चौकशी आहे. बाहेरच्या खोलीत सोफा, शोकेस आणि माणसं, सगळंच पुसून ठेवलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. "खरं घर मागे असतं. बादली बघायची, बादलीतला मग बघायचा आणि दोरीवरचं धुणं बघायचं. धुणं खोटं बोलत नाही, अरुण."

अरुण म्हणजे मी. बोरिवलीला आमच्या सोसायटीत काकूंच्या समोरच्या दारात राहतो, विम्याच्या कंपनीत नोकरी करतो आणि माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. यातल्या तिसऱ्या गोष्टीमुळे मी या हकिगतीत सापडलो.

ताराकाकू सामंत लग्नं जुळवतात. त्याचे पैसे घेत नाहीत, साडी घेतात, आणि रंग आवडला नाही तर बदलून आणायला लावतात. दहिसरपासून अंधेरीपर्यंत त्यांनी इतके संसार उभे केलेत की त्यांच्याबरोबर मॉलमध्ये गेलं तर सरकत्या जिन्यावर कोणीतरी वाकून नमस्कार करतं आणि कोणीतरी त्यांना बघून उलट्या दिशेने पळ काढतं. माझं आणि मेधाचं लग्नही त्यांचंच. आमचं वाजलं की मेधा सरळ समोरची बेल दाबते आणि "काकू, तुम्ही दिलेलं हे काय करतंय बघा" अशी तक्रार नोंदवते, जणू मी गॅरंटीतला मिक्सर आहे. काकू मला चष्म्यावरून न्याहाळतात. "बघायला गेले तेव्हा बरा वाटला होता गं," एवढंच म्हणतात.

एकाच माणसाचं लग्न त्यांना जमवता आलं नाही आणि ते माणूस त्यांच्याच घरात होतं. बेबीआत्या, म्हणजे काकूंची नणंद. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, रुबाबात राहिल्या, लग्न केलं नाही. सामंतकाका गेल्यापासून घरात या दोघीच. मूलबाळ नाही. दोघी रोज भांडायच्या. विषय मोजकेच, पण टिकाऊ: बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं किती घालावीत, टीव्ही किती मोठ्याने लावावा आणि सामंतकाकांचा स्वभाव लग्नाआधी बरा होता की नंतर. काकू नणंदेला जुन्या रीतीने "वन्सं" म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या, आणि अहो-जाहो करूनच टोला हाणायच्या. "वन्सं, तुम्ही शहाण्या आहात, पण तुमच्यापुरत्या." यावर आत्यांचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

मग आत्या विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग नावं, मग मी. मला त्या खात्यातला लाइनमन समजायच्या आणि जिन्यात गाठून विचारायच्या, "सामंतांचा फोन बंद पडलाय, लाज वाटते का?" मी म्हणायचो, "उद्या करतो मॅडम." त्याचं काही वाटायचं नाही. काकू मात्र त्यांच्या पक्क्या लक्षात होत्या, काकूंच्या चुकांसकट. भांडण शाबूत होतं.

पण एका सकाळी आत्यांनी गॅस सोडला आणि पेटवायला विसरल्या. अख्ख्या विंगला वास आला. नंतर एकदा त्या हायवेच्या दुभाजकावर उभ्या सापडल्या, रेशमी साडी नेसून, गजरा माळून. "मंडळी बघायला येणारेत, म्हणून जरा पुढे आले," म्हणाल्या. काकूंचे गुडघे कधीच गेलेत. त्यांच्यामागे धावणार कोण? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे एकट्या माणसाचं काम नाही. अशा पेशंटसाठी आता चांगल्या जागा निघाल्यात, दोन-चार बघून या.

काकूंना आयुष्यात एकच बघणं ठाऊक. त्यांनी लगेच पवईला फोन लावला. "आमची मुलगी आहे. वय जरा पुढे गेलंय, पण सालस आहे. स्थळ बघायला रविवारी येतो."

पलीकडून कोणीतरी चाचरत सांगितलं, "मॅम, ही सीनियर लिव्हिंग कम्युनिटी आहे."

"तेच ते," काकू म्हणाल्या.

"सालस?" मी विचारलं.

"फोनवर सगळ्याच सालस असतात रे."

पवईचं स्थळ देखणं होतं. काचेची लॉबी, खिडकीतून तलाव आणि टाय लावलेला मॅनेजर. त्याने हातातला टॅब सरकवत माहिती सुरू केली: ज्यांना थोडा आधार लागतो त्यांच्यासाठी असिस्टेड लिव्हिंग, विसरणाऱ्यांसाठी मेमरी केअरचा वेगळा मजला, बटण दाबलं की माणूस हजर.

"रात्री दचकून उठलं तर कोण जवळ बसतं?" काकूंनी विचारलं.

"मॅम, सगळीकडे कॅमेरे आहेत."

"कॅमेरा बसतो का जवळ?"

मॅनेजर हसला. काकू हसल्या नाहीत. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी बाथरूम विचारलं. परत आल्या त्या तोंड पाडूनच. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या इमारतीत कुठे दोरी नाही. एक ओला टॉवेल नाही. कपडे म्हणे बाहेर धुवायला जातात. अशा घरात माणसं राहत नाहीत, फोटो काढून घेतात. नकार कळव."

"मी कसा कळवू?"

"पत्रिका जुळत नाही म्हणून सांग. उगाच कोणाचं मन दुखवायचं नाही."

मी फोन केला. पलीकडच्या मुलीने पत्रिका ईमेल करायला सांगितली.

वर्सोव्याच्या स्थळाबद्दल माझ्या आशा वाढल्या होत्या. गाडीतून उतरताच खाडीवरून सुकत्या बोंबलांचा वास आला आणि मूळच्या मालवणच्या ताराकाकूंचा चेहरा उजळला. "घराणं चांगलं दिसतंय," म्हणाल्या. गच्चीवरून होड्या दिसत होत्या. दोरीवर धुणंही होतं, भरपूर. मग तिथल्या मंडळींनी आम्हाला आग्रहाने जेवायला बसवलं आणि ताटात दुधी आला. इथे फक्त सात्त्विक आहार असतो, असं तिथल्या बाईंनी अभिमानाने सांगितलं. काकूंनी एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा ताटाकडे.

"समोर बोंबील वाळतायत आणि आत म्हाताऱ्यांना दुधी! हा छळ आहे, अरुण. नकार कळव."

घाटकोपरचं स्थळ धुण्यावरच बाद झालं. दोरीवर एकाच छापाचे गाऊन ओळीने टांगलेले. "उद्या भेटायला आलो तर आपलं माणूस ओळखायचं कसं? मागून सगळ्या सारख्याच." कांजूरमार्गला माहिती देणाऱ्या पोऱ्याने "आंटी, एकदम नॅचरल एअर" म्हणत खिडकी उघडली आणि कचऱ्याच्या डोंगरावरून आलेला वारा सगळ्यांच्या तोंडावर बसला. काकूंनी पदर नाकाला लावला, पण नकार त्यावरून दिला नाही. निघताना त्यांनी रिवाजाप्रमाणे वॉचमनकडे चौकशी केली. कुठल्याही घराची खरी बातमी वॉचमन आणि पानवाला यांच्याकडे असते, हा त्यांचा सिद्धांत.

"काय रे बाबा, इथून कोणी पळून जातं का?"

"नाय काकी. पळणार कसे? कुलूप असतं ना."

"नकार," काकू म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

मेधा एका रात्री जेवताना म्हणाली, "त्यांना द्यायचीच नाहीये रे मुलगी. नुसतं बघतायत." मलाही तोच संशय होता. पुढच्या रविवारी सिग्नलला थांबलो असताना मी विचारून टाकलं. काकूंनी समोरच्या रिक्षाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी पडले तर त्यांचं कोण? द्यायला तर हवंच. पण तिकडे गेल्या आणि मला विसरल्या तर? सगळं जग विसरल्या त्या, मीच तेवढी उरलेय."

सिग्नल सुटला. मी उगाचच हॉर्न वाजवला.

आणि मग मुलुंडचं स्थळ आलं. डोंगराच्या पायथ्याशी जुनी दुमजली इमारत, पुढे आवार, दारात चपलांचा ढीग. तिथल्या प्रमुख कांबळे सिस्टर. चाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरचं माणूस औषध घेऊन मोकळं होईल. त्यांनी पाणी स्वतः आणलं, ग्लासात बोट न बुडवता. काकू बाथरूमला गेल्या त्या थेट गच्चीत पोचल्या. तिथे लुगडी होती, धोतर होतं, एक भोकं पडलेला बनियन होता, कुणाची तरी झालरीची उशी होती. खाली येऊन त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं.

"मासे?"

"बुधवार, शुक्रवार, रविवार," सिस्टर म्हणाल्या. "आज बांगडा आहे. बसा ना पानावर."

काकू जेवल्या. खोड सापडत नव्हती, त्यामुळे त्या फार अस्वस्थ होत्या. शेवटी त्यांनी तोंड पुसून मोठ्या मनाने जाहीर केलं, "आम्हाला पसंत आहे."

"थांबा काकू," सिस्टर म्हणाल्या. "मला आधी त्यांना बघू दे. आम्हाला सांभाळणं झेपेल का, ते बघूनच मी हो-नाही सांगते."

आम्ही परत निघालो. बोरिवलीचा पूल चढताना काकू एकदम म्हणाल्या, "म्हणजे नकार तिकडून पण येऊ शकतो?" हा विचार त्यांना नवा होता. आतापर्यंत त्या बघत होत्या, आता दाखवायचं होतं. चार दिवस त्यांनी आत्यांच्या डोक्याला तेल लावलं, नखं कापली आणि "आज वार कुठला?" याची उजळणी घेतली. आत्या दर वेळी ठामपणे "मंगळवार" म्हणायच्या. म्हणून काकूंनी भेटही मंगळवारची ठरवली.

घराबाहेर पडायला आत्या तयार नव्हत्या. काकूंनी जपून सांगितलं, "वन्सं, चला. बघायचा कार्यक्रम आहे."

"मग त्यांनी इकडे यायचं."

"हल्ली तिकडे बोलावतात. आपला हॉल लहान पडतो."

आत्यांना हे पटलं. मोरपिशी रेशमी साडी नेसून त्या गाडीत मागे बसल्या आणि मुलुंडपर्यंत मला सांगत राहिल्या की लाइनमनने फोन दुरुस्त करावा, गाड्या चालवू नयेत.

सिस्टरांनी त्यांना समोर खुर्चीवर बसवलं. मी आणि काकू बाजूला. आत्यांनी मान खाली घातली, पदर सावरला. विसरणाऱ्या माणसाची तपासणी कशी करतात हे मला माहीत नव्हतं. ती ऐकता ऐकता लक्षात आलं, प्रश्न सगळे ओळखीचे होते.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

"कुमारी सुलभा वासुदेव सामंत."

"शिक्षण?"

"इंटर झालंय तिचं," काकू म्हणाल्या. "विणकामही येतं."

"काकू, त्यांना बोलू द्या. सुलभाताई, आज कुठला वार?"

"मंगळवार," आत्या म्हणाल्या. काकूंनी माझ्या मांडीवर आनंदाने थाप मारली.

"आणि साल कुठलं?"

आत्यांनी काकूंकडे बघितलं. साल आम्ही घोकून घेतलं नव्हतं. "लाजतेय," काकूंनी खुलासा केला.

सिस्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: आंबा, खुर्ची, नाणं. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारून त्यांनी ते परत विचारले.

आत्या विचारात पडल्या. मग लहानपणची बोली तोंडात आली. "आंबो," त्या म्हणाल्या. "पण खंयचो? देवगडचो काय?"

"आणि बाकीचे दोन?"

"मुख्य ते आंबाच आहे," काकू घाईने म्हणाल्या. "बाकी काय, खुर्च्या प्रत्येकाकडे असतात."

सिस्टरांनी हसू दाबलं आणि काहीतरी लिहिलं. काकूंच्या कपाळावर घाम होता. मुलीची मावशी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकते, तशा त्या कान देऊन बसल्या होत्या. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सुलभाताई, आता उठून जरा त्या दारापर्यंत चालून दाखवा बघू."

काकूंनी डोळेच मिटले. का, ते आमच्या विंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. बेबीआत्यांना बघायला शेवटचं स्थळ आलं होतं तेव्हा मुलाच्या मामाने त्यांना असंच उठून चालून दाखवायला सांगितलं होतं. आत्यांनी त्याला जे उत्तर दिलं ते गिरगावापासून सावंतवाडीपर्यंत गाजलं आणि पुन्हा कुणी बघायला आलं नाही.

आत्यांनी मान वर केली. खुर्चीचे हात घट्ट धरले. आवाज थेट एक्स्चेंजमधला.

"आधी तुमच्या झिलाक चलान दाखवूक सांगा!"

तुमच्या मुलाला आधी चालून दाखवायला सांगा. त्या मामाला दिलेलं उत्तर, शब्दही तेच. काकू पुटपुटल्या, "झालं. गेलं हेही." कांबळे सिस्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. त्या उठल्या, दारापर्यंत चालत गेल्या, वळल्या आणि परत येऊन आत्यांसमोर उभ्या राहिल्या.

"हे बघा, आमच्याकडून मी चालून दाखवलं. बरं चालते का?"

आत्यांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "डाव्या पायावर जोर देतेस," त्या म्हणाल्या. मग उठल्या, सिस्टरांच्या हाताला धरून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

काकू रडत होत्या. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना बघितलं. एरवी मुलीच्या पाठवणीला मांडव रडत असतो आणि या उरलेल्या जेवणाची पातेली मोजत असतात.

सिस्टरांनी हो म्हटलं. त्यानंतर काकूंनी रीतसर बैठक घेतली आणि अटी घातल्या. गाऊन नको, नेसता येतंय तोवर साडी. केसांना रोज तेल, एक वेणी. बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं त्या म्हणतील तेवढीच, "त्यांचं चूक आहे, पण घाला." सिस्टर प्रत्येक अटीला मान डोलावत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "काकू, मी पण एक सांगते. खोटं नाही बोलणार. पुढेमागे त्या तुम्हालाही विसरतील. इथे राहिल्या तरी, घरी राहिल्या तरी."

काकूंनी पर्स उघडली, मिटली. "भांडण तरी लक्षात राहील ना?"

"ते बहुतेक सगळ्यात शेवटी जातं," सिस्टर म्हणाल्या.

आत्या मुलुंडला गेल्या त्या रुखवत घेऊन. लाडू, करंज्या, विणलेलं तोरण, सुपारीचा बँड. तिथल्या आज्यांनी दोन दिवस ते बघून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी खाऊन टाकलं, सुपारीची माणसं सोडून. इकडे काकू एकट्या पडल्या. टीव्ही त्या आता आत्यांच्याच आवाजात लावायच्या, म्हणजे खूप मोठ्याने. समोर भांडायला कोणी नाही म्हणून आमच्याकडे येऊन मेधाच्या आमटीला नावं ठेवायच्या, पण मेधा नुसतं "बरं काकू" म्हणायची आणि त्यांचा मूड जायचा. एका स्थळाच्या फोनवर तर त्या म्हणाल्या, "सध्या मी बघत नाही." बोरिवलीत खळबळ उडाली.

दर रविवारी मात्र मुलुंड. जाताना गाडीत त्या भांडणाचा विषय ठरवायच्या, वकिलासारखी तयारी करायच्या. तिकडे दोघींचं कडाक्याचं वाजायचं आणि परत येताना काकू गुणगुणत असायच्या. असे बरेच रविवार गेले.

त्या रविवारी सासूबाईंच्या नथीचा विषय होता. "नथ खरं म्हणजे मला द्यायची ठरली होती, हे मी आज काढणारच," काकू घोडबंदरला म्हणाल्या. आम्ही पोचलो तर आवारात झेंडूच्या माळा, स्पीकरवर सनई, मांडलेल्या खुर्च्या. तिथल्या एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. डोक्याला फेटा बांधून ते आजींशेजारी बसले होते आणि सगळ्यांच्या हातात लाडूच्या बशा होत्या. आत्या शेवटच्या रांगेत, मोरपिशी साडीत.

काकू तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "वन्सं, मला आज तुमच्याशी स्पष्ट बोलायचंय."

आत्यांनी वर बघितलं. छान हसल्या. अनोळखी माणसाशी हसतात तशा, अदबीने. मला ते आधी कळलं नाही. काकूंना लगेच कळलं.

"नमस्कार," आत्या म्हणाल्या. "तुम्ही कोणाकडच्या?"

सनई वाजत होती. काकूंचा एक हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला. मी पुढे व्हायला लागलो, तर त्यांनी मला नजरेनेच थांबवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मुलीकडची."

"असं होय?" आत्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "मग इथे बसा माझ्याजवळ. मुलीकडच्यांना कोणी पाणीसुद्धा विचारत नाही." आणि त्यांनी आपल्या बशीतला लाडू मोडून त्यातला मोठा अर्धा काकूंच्या हातावर ठेवला.